गोदामाची किल्ली कोणाकडे?

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



समितीनं मला विषय दिला आहे, 'जुन्या गोदामांची सांस्कृतिक केंद्रं'. हा विषय कुठून आला, हे आपल्याला माहीत आहे. शाळेच्या पाठच्या गल्लीतलं कापसाचं जुनं गोदाम गेली अनेक वर्षं बंद आहे. ते ज्या ट्रस्टच्या मालकीचं आहे, तो ट्रस्ट ते भाड्यानं द्यायला तयार झाला आहे. आपल्या बॅचचा जमलेला निधी तिथं लावावा, रंगरंगोटी करावी आणि वस्तीसाठी एक सभागृह उभं करावं, असा ठराव आज दुपारी चर्चेला येणार आहे. मी ना वास्तुविशारद, ना नाटकवाली. मी संगणकाचे प्रोग्राम लिहिते. पण नोकरीनिमित्त तीन वर्षं फिनलंडमध्ये, हेलसिंकीला राहिले आणि तिथं अशा कामाचा एक उत्तम नमुना जवळून पाहिला. म्हणून हे काम माझ्याकडे आलं असावं.

सुरुवातीलाच सांगते, मी या ठरावाच्या बाजूनं आहे. पण रंगाचे डबे आणण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं. त्या गोदामाची किल्ली कोणाकडे राहणार, आणि किती वर्षं?

आधी इमारतीविषयी बोलू. जुनी गोदामं आणि गिरण्यांच्या शेड कलेच्या कामाला इतक्या का मानवतात? यंत्रं आणि माल ठेवायचा म्हणून छत उंच, दारं मोठी, जमीन भक्कम. भिंती जाड, त्यामुळे आतला ढोल शेजाऱ्याच्या घरात शिरत नाही. गिरणीच्या शेडचं छप्पर आठवा, करवतीच्या दातांसारखं. त्या दातांची उभी बाजू काचेची असते आणि ती उत्तरेकडे तोंड करून असते. आपल्याकडे उत्तरेकडून ऊन जवळजवळ येतच नाही, येतो तो सारखा, मऊ उजेड. सूत तुटलं तर लगेच दिसावं म्हणून केलेली ही सोय चित्रकाराला, शिंप्याला, वाचणाऱ्या पोरालाही तेवढीच उपयोगी पडते.

पण मालासाठी बांधलेली जागा माणसांसाठी वापरायची तर अडचणीही असतात. कापसाच्या गोदामाला खिडक्या कमी आणि दार बहुधा एकच, कारण तिथं भीती होती ती चोरीची आणि ठिणगीची. शंभर माणसं आत बसली आणि धूर झाला, तर एक दार पुरत नाही. छपरावर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. ते पत्रे स्वस्थ असेपर्यंत धोका कमी, पण तोडले, कापले, घासले की बारीक तंतू हवेत सुटतात आणि फुप्फुसात बसतात. म्हणजे 'रविवारी सगळे मिळून साफसफाई करू' हा उत्साह इथं चालणार नाही. आधी जाणकाराकडून तपासणी, मग हात.

आता हेलसिंकीकडे येते. शहराच्या पश्चिमेला समुद्राकाठी एक भलीमोठी विटांची इमारत आहे, काबेलितेहदास. शब्दाचा अर्थ सरळ आहे, केबलचा कारखाना. १९३९ पासून १९५४ पर्यंत टप्प्याटप्प्यानं ती बांधली गेली. क्षेत्रफळ पन्नास हजार चौरस मीटरहून जास्त. विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा तिथं बनत. समुद्राच्या तळाशी टाकायच्या केबल जिथं तयार होत, त्या लांबच लांब दालनाला आजही 'समुद्रकेबल दालन'च म्हणतात. १९६७ मध्ये ही केबल कंपनी, एक रबर कंपनी आणि एक कागद कंपनी एकत्र झाल्या आणि आपल्या सगळ्यांच्या हातात कधी ना कधी ज्यांचा फोन होता, ती नोकिया उभी राहिली. नोकियाचा इलेक्ट्रॉनिक्स विभागही १९६० मध्ये या केबल कारखान्यातच सुरू झालेला. म्हणजे माझ्या धंद्याचं एक मूळ त्या इमारतीत आहे.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस कंपनी तिथून बाहेर पडू लागली. रिकाम्या होणाऱ्या खोल्या तिनं तात्पुरत्या भाड्यानं दिल्या. चित्रकार आले, नर्तक आले, वाद्यवृंद आले, वास्तुविशारद आले. भाडं कमी, जागा प्रशस्त, गोंगाटाबद्दल कुणाची तक्रार नाही. दरम्यान कंपनी आणि शहर यांच्यातल्या करारानुसार इमारत शहराच्या ताब्यात जाणार होती, आणि शहराच्या मनात तिचे तुकडे करून वेगवेगळ्या कामांसाठी वापरायचं होतं. काही भाग पाडायचाही होता.

तेव्हा भाडेकरूंनी एक संघटना काढली, 'प्रो काबेली'. त्यांनी निदर्शनांवर भागवलं नाही. भाडेकरूंमध्येच वास्तुविशारद होते. त्यांनी इमारत अखंड ठेवून ती कशी चालवता येईल याचा पर्यायी आराखडा काढला आणि तो नगरपालिकेपुढे ठेवला. खर्च कुठून येईल, भाडं किती, दुरुस्ती कशी, याची उत्तरं त्यांच्याकडे होती. १९९१ मध्ये शहरानं ते मान्य केलं. इमारत चालवण्यासाठी शहराच्या मालकीची एक स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. ही कंपनी रोजच्या कारभारासाठी शहराकडे अनुदान मागत नाही, ती भाड्यावर चालते. मोठी दालनं मेळ्यांना, प्रदर्शनांना, समारंभांना द्यायची. लहान खोल्या कलावंतांना, नृत्यशाळांना, संस्थांना द्यायच्या. आलेल्या पैशातून इमारत राखायची.

आज तिथं छायाचित्रणाचं संग्रहालय आहे, रंगभूमीचं आहे, हॉटेल आणि खानपानाच्या इतिहासाचंही आहे. कलादालनं आहेत, शेकडो माणसं रोज कामाला येतात. २०२२ मध्ये इमारतीला लागूनच नृत्यासाठी खास बांधलेलं नाट्यगृह सुरू झालं. मी जायचे ती शनिवारी. आत शिरलं की कुणी 'कुणाकडे जायचंय?' असं विचारत नसे. एका दारामागे कुणी सॅक्सोफोन घोटत असायचं, दुसऱ्या दारातून रंगाचा वास यायचा, आणि अंगणात उणे दहा अंशात पोरं पळापळी खेळत असायची. झगमगाट काही नाही. जिने अजून कारखान्याचेच, लोखंडाचे.

आता दुसरं १९९१ आठवू या, ते आपलं. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, गिरण्याच एकेक करून थंड झाल्या. इथं बसलेल्या निम्म्याअधिक जणांच्या घरचा इतिहास तोच आहे. मी तेव्हा दोन वर्षांची होते. माझे बाबा साचा खात्यात होते. पुढे त्यांनी मिळेल ते काम केलं आणि आईनं खानावळ चालवून आम्हा भावंडांना शिकवलं. असं सांगणारी मी इथं एकटी नाही.

बंद गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन शहराच्या मधोमध पडून होती. १९९१ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर ढोबळ मानानं एक तृतीयांश शहराला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला. त्यानं सुचवलं की गिरण्यांच्या जमिनींचा विचार सुटा सुटा करू नका, एकत्र करा, म्हणजे लोकांना सलग, वापरता येतील अशा जागा मिळतील.

मग २००१ मध्ये नियमात बदल झाला. वाटणी करायची ती फक्त मोकळ्या जमिनीची. म्हणजे ज्या जमिनीवर शेड, गोदाम, चिमणी उभी आहे ती जमीन हिशेबातच धरायची नाही, पुढे ती इमारत पाडली तरीही. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते किती? बहुतेक सगळं बांधलेलंच. त्यामुळे लोकांचा वाटा कमालीचा आकसला. प्रकरण न्यायालयात गेलं. २००५ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लोकांच्या बाजूनं लागला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २००१ चा बदल ग्राह्य धरला.

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. हजारो ओळींच्या प्रोग्राममध्ये वरती एका जागी एका शब्दाची व्याख्या लिहिलेली असते. ती बदलली की खालच्या एकाही ओळीला हात न लावता सगळी उत्तरं बदलतात. इथं 'जमीन' या शब्दाची व्याख्या बदलली. एकाच साली दोन शहरांनी कारखान्यांच्या जागांबद्दल निर्णय घेतले. एका शहरानं मालकी आणि कारभार कागदावर घट्ट बांधून ठेवला, म्हणून तीस वर्षांनंतरही चित्रकार तिथं आहे. दुसऱ्या शहराचा निर्णय चांगला होता, पण दहा वर्षांत त्यातला एक शब्द सैल झाला, आणि आज आपण जुन्या गिरण्यांच्या आवारात कॉफी प्यायला जातो.

माझी दुसरी नोकरी अशाच एका आवारात होती. कंपनीचं नाव घेत नाही, त्यात तिचा दोष नव्हता. शेड तशीच ठेवून आत काचेच्या केबिन केल्या होत्या. घरच्यांना ऑफिस दाखवण्याचा एक दिवस असायचा, तेव्हा बाबा आले. फाटकावर त्यांचा फोटो काढून गळ्यात पाहुण्याचा पास अडकवला. आत आल्यावर सगळे माझा संगणक बघत होते आणि बाबा वर बघत होते. म्हणाले, "काचा बदलल्या, पण उजेड तोच आहे गं." मग माझ्या टेबलापासून पावलं मोजत गेले आणि एका जागी थांबून म्हणाले, इथं जॉबर उभा राहायचा. इमारत वाचली होती, सुंदरही दिसत होती. पण तिच्यात आयुष्य घालवलेला माणूस तिथं पाहुणा होता. इमारत जपणं आणि जागा लोकांची असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी समजलं.

गिरणगावाला कला शिकवायला कुणी बाहेरून यायची गरज कधीच नव्हती. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक इथल्याच चौकांत उभं राहिलं. भजनी मंडळं, शक्तीतुरा, दशावतार, गणपतीतली नाटकं, व्यायामशाळा, सगळं होतं. तालीम व्हायची ती गाळ्यात, पाळी सुटल्यावर, दहा बिऱ्हाडांच्या वळकट्या भिंतीला लावून. उणीव होती ती हक्काच्या छपराची. ती उणीव कामगारांनी भरून काढली चाळीच्या चौकानं आणि पटांगणानं. आता चाळी टॉवर झाल्या, चौक पार्किंग झाले. म्हणून गोदामाची गरज आज तेव्हापेक्षा जास्त आहे.

काही प्रयोग आपल्याकडेही झाले. २०१७ च्या अखेरीस ससून डॉकवर कला महोत्सव झाला. १८७५ पासूनचा तो डॉक, तिथल्या जुन्या गोदामांत देशोदेशींच्या कलावंतांनी काम केलं, कोळणींचे चेहरे भिंतींवर आले, मुंबईकर मासळीच्या वासातून वाट काढत रांगा लावून गेले. मीही गेले होते, फार आवडलं. पण तो महोत्सव होता, दोनएक महिन्यांचा. पुढे काही वर्षांनी तो पुन्हा एकदा भरला. कोचीला २०१२ पासून मसाल्यांच्या आणि चहाच्या जुन्या वखारींमध्ये बिएनाले भरते, तीही काही महिन्यांची. या उपक्रमांचं मोल मोठं आहे. पण पाहुण्यांसाठी भरवलेलं प्रदर्शन वेगळं आणि मंगळवारी संध्याकाळी सात वाजता वस्तीतल्या लेझीम पथकाला उघडणारं दार वेगळं. आपल्याला दुसरं हवं आहे.

म्हणून ठरावात मी चार गोष्टी सुचवते.

पहिली, करार. ट्रस्टनं देऊ केला आहे तो अकरा महिन्यांचा. अकरा महिन्यांच्या जागेत आपण वीज, संडास, दुसरं दार यांवर निधी खर्च केला, तर बाराव्या महिन्यात आपण ट्रस्टला एक सुधारलेलं गोदाम भेट दिलेलं असेल. निदान पंधरा वर्षांचा, नोंदणीकृत भाडेपट्टा मागू या. भाडेवाढ किती आणि केव्हा, हे त्यातच लिहिलेलं असावं. मिळाला नाही तर हा निधी शाळेच्या वाचनालयाला द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी, परवानगी आणि सुरक्षा. वापरबदलाची महापालिकेची मंजुरी, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, बाहेर पडायला दोन वाटा, छपराच्या पत्र्यांची तपासणी. निधीतला पहिला रुपया यावर. भित्तिचित्र शेवटी.

तिसरी, हिशेब. समजा सगळा खर्च, म्हणजे भाडं, वीज, राखणदार, झाडलोट, विमा आणि दुरुस्तीची शिल्लक धरून महिन्याला साठ हजार आला. महिन्यातल्या आठ संध्याकाळी समारंभांना सहा हजारांनी दिल्या तर अठ्ठेचाळीस हजार होतात. उरलेल्या बावीस संध्याकाळी वस्तीला सहाशे रुपयांत दिल्या तर तेरा हजार दोनशे. बेरीज एकसष्ट हजार दोनशे. हे आकडे कल्पनेतले आहेत, खरे आपण बसून काढू. पण त्या आठ आणि बावीसचं प्रमाण घटनेत लिहून ठेवायचं, कारण तोटा आला की पहिला मोह आठाचे सोळा करण्याचा होतो. अशा जागांचं हॉटेल एका रात्रीत होत नाही, एकेका संध्याकाळीनं होतं.

चौथी, किल्ली. कारभार समितीत आपल्या बॅचचे लोक अल्पमतात असावेत. बहुमत आज इथं राहणाऱ्यांचं.

हे शेवटचं काहींना पटणार नाही, हे मला ठाऊक आहे. काल रात्री आपल्या व्हॉट्सॲप गटावर एका मित्रानं विचारलं, "आपल्यातले अर्धे विरार-बदलापूरला, काही अमेरिकेत. मग हे कुणासाठी करायचं?" प्रश्न रास्त आहे. मीही आता ठाण्याला राहते. आपल्यासाठी करायचं असेल तर वर्षाकाठी एक मेळावा पुरे, त्याला गोदाम लागत नाही. पण या शाळेच्या पटावर आज जी मुलं आहेत त्यांचे आईवडील टॉवरमध्ये घरकाम करतात, राखण करतात, दुचाकीवरून जेवणाचे डबे पोचवतात. त्यांच्यातली कितीतरी मराठी नाहीत. दहा बाय दहाच्या खोलीत त्यांना अभ्यासाला कोपरा नाही, मग ढोलकीला कुठून असणार? पन्नास वर्षांपूर्वी कोकणातून, घाटावरून आलेल्या आपल्या आजोबांची स्थिती याहून वेगळी नव्हती.

दुसरा आक्षेप, 'ते हेलसिंकी आहे, श्रीमंत देश आहे.' आहे खरा. पण तिथल्या भाडेकरूंनी जे केलं त्याला श्रीमंती लागली नाही. त्यांनी पर्यायी आराखडा आणि भाड्याचा तक्ता घेऊन शहराच्या दारात उभं राहण्याची तयारी केली. आपल्या बॅचमध्ये दोन वकील आहेत, एक सनदी लेखापाल, एक स्थापत्य अभियंता, महापालिकेत काम करणारे तिघे आणि दशावतारात अजूनही उभा राहणारा एक. एवढी माणसं तर आपल्याकडेही आहेत.

दुपारच्या सभेत ठरावात 'अकरा महिने' या शब्दांच्या जागी 'पंधरा वर्षे' अशी दुरुस्ती मी मांडणार आहे. तिला अनुमोदन द्यायला कुणीतरी हात वर करावा, एवढीच विनंती. आणि बाई, सभा लांबली तर जेवणाआधी सोडा, नाहीतर आम्ही पूर्वीसारखे मागच्या दारानं पळू.